'व्हेनी क्रेआतोर' क्वायर आणि व्हायोलिन-चेलोसाठी बांधताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

मध्ययुगीन लॅटिन धून घेऊन तिच्यावर चार आवाजांचा क्वायर, म्हणजे गायकवृंद (सोप्रानो आणि आल्टो हे स्त्रियांचे, टेनर आणि बास हे पुरुषांचे आवाज), आणि तंतुवाद्यं बसवायची म्हटलं की बहुतेक जण आधी कीबोर्डशी बसतात आणि कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, शोधायला लागतात. इथेच काम बिघडतं. या धुना कॉर्डांसाठी जन्मलेल्या नाहीत. कॉर्ड आधी ठरले की धून त्यांच्या मागे फरफटत जाते, आणि शेवटी ऐकू येतं ते लॅटिन शब्दांचं एक साधं चर्चगीत. खालचा क्रम त्याच्या उलट आहे: आधी शब्द, मग धून, मग लय, मग आधारस्वर, मग ओळींचे शेवट. बाकीचं सगळं त्यानंतर.

उदाहरणासाठी पेन्टेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या ख्रिस्ती सणाला, गायलं जाणारं 'व्हेनी क्रेआतोर स्पिरितुस' घेतलं आहे. सात कडवी, प्रत्येक कडव्यात आठ-आठ अक्षरांच्या चार ओळी, आठवा मोड (मोड म्हणजे चर्चच्या जुन्या धुनांची स्वरचौकट). कडव्यांची रचना असल्यामुळे पहिल्यांदा असं काम करणाऱ्याला हे सोपं जातं: धून एकच, पेहराव सात.

१. तयारी: काय हाताशी हवं

चौरस स्वरांची, चार रेषांवरची छापील प्रत मिळवा. फ्रान्समधल्या सोलेमच्या मठाने काढलेलं 'लिबेर उझुआलिस' किंवा १९८३ चं 'लिबेर हिम्नारिउस' यांपैकी कोणतंही चालेल. इंटरनेटवर मिळणारी, कुणीतरी पाच रेषांवर उतरवलेली प्रत मूळ धरू नका. त्यात आधीच कुणीतरी मात्रा घातलेल्या असतात आणि त्या तुमच्या नकळत तुमच्या कामात शिरतात.

जुन्या सोलेम आवृत्त्यांत स्वरांखाली छोट्या उभ्या रेघा, वर आडव्या रेघा आणि शेजारी ठिपके दिसतात. ठिपका म्हणजे लांबवलेला स्वर. पण यातल्या बऱ्याचशा खुणा विसाव्या शतकातल्या संपादकांच्या आहेत, हस्तलिखितांतल्या नव्हेत. त्या सल्ला म्हणून वाचा.

मध्ययुगीन धुनेवर कुणाचा हक्क नाही. आधुनिक संपादकाने लिहिलेली साथ, त्याची मांडणी आणि काही वेळा त्याचं संपादनही हक्काखाली असू शकतं. म्हणून कुणाची साथ उचलू नका, धूनच घ्या.

आता ती धून पाच रेषांवर उतरवा, पण फक्त गोल डोकी काढा. दांड्या नाहीत, बार (मात्रांचे कप्पे) नाहीत, टाइम सिग्नेचर (तालाचा आकडा) नाही. मुळात एकत्र जोडलेले स्वर एका कमानीखाली घ्या. पहिली ओळ अशी येते: जी, ए, जी, एफ, जी, ए, जी, सी, डी, सी. दहा स्वर.

*तपासा:* आठव्या मोडचा अंतिम स्वर (ज्यावर धून संपते) जी आणि टेकूचा स्वर (ज्यावर ती मधे टेकते) सी. तुमची पहिली ओळ सी वर थांबली पाहिजे आणि कडवं जी वर संपलं पाहिजे. तसं होत नसेल तर चावी (कोणती रेषा कोणता स्वर ते सांगणारी सुरुवातीची खूण) वाचताना चूक झाली आहे. चार रेषांवर सी ची चावी आणि एफ ची चावी दोन्ही येतात आणि त्या वेगवेगळ्या रेषांवर बसू शकतात. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते.

२. शब्द आधी बोलून बसवा

पहिलं कडवं चर्चच्या लॅटिन उच्चारात असं:

व्हेनी क्रेआतोर स्पिरितुस,
मेन्तेस तुओरुम व्हिझिता,
इम्प्ले सुपेर्ना ग्रात्सिया,
क्वे तू क्रेआस्ती पेक्तोरा.

मराठी बोलणाऱ्याला इथे एक मोठी सोय आहे. लॅटिनचा 'त' आपल्या 'त' सारखाच दातांवर लागतो. पण इंग्रजीच्या सवयीने गाणारे 'क्रेएटर'च्या धर्तीवर 'ट' काढतात, आणि वीस जणांचा 'ट' माइकवर फटाक्यासारखा येतो. सुटसुटीत 'त' मागा. उलट 'व' बाबतीत आपली सवय नडते. आपला 'व' ओठांनी हलका निघतो, इथे खालचा ओठ वरच्या दातांना लागला पाहिजे. गाणाऱ्यांच्या प्रतीत 'व्ह' लिहा, म्हणजे समजावत बसावं लागत नाही.

प्रत्येक शब्दावर आघात कुठे आहे ते खूण करून ठेवा: व्हेनीत 'व्हे' वर, क्रेआतोरमध्ये 'आ' वर, स्पिरितुसमध्ये 'स्पि' वर. आता 'स्पिरितुस'चे स्वर पाहा: सी, डी, सी. आघात पहिल्या अक्षरावर, पण उंच स्वर दुसऱ्यावर. गाणारा उंच स्वराकडे धावतो आणि 'स्पिरीतुस' म्हणून बसतो. डी हलका, वरून घासून गेल्यासारखा आला पाहिजे, वजन सी वर. ही एक जागा नीट बसली तर क्वायरला उरलेलं कडवं कसं गायचं ते आपोआप कळतं, म्हणून पहिल्या तालमीतली पाच मिनिटं या तीन स्वरांना द्या.

*सावधान:* शब्दांचा अर्थ न सांगता तालीम सुरू करू नका. पहिल्या कडव्यात पवित्र आत्म्याला दोन विनंत्या आहेत, 'ये, तुझ्या लोकांच्या मनांना भेट दे' आणि 'तू निर्माण केलेली अंतःकरणं कृपेने भर'. वाक्य दुसऱ्या ओळीअखेर आणि चौथ्या ओळीअखेर टेकतं. श्वासाच्या मोठ्या जागा त्याच.

३. पट्टी ठरवा

चार रेषांवरची उंची सापेक्ष असते. जी लिहिला म्हणून जी वरच गायचं असं नाही. निर्णय दोन गोष्टींवर घ्या: गळे आणि मोकळ्या तारा.

जी हा अंतिम स्वर ठेवला तर एकही शार्प-फ्लॅट लागत नाही. व्हायोलिन, व्हायोला, चेलो तिन्हींवर जी आणि डी मोकळ्या तारा आहेत, म्हणजे आधारस्वर आयता मिळतो. ए ठेवला तर दोन शार्प, सोप्रानोंना चमक येते, टेनर थकतात. एफ ठेवला तर दोन फ्लॅट, आल्टो आणि बास खूश, पण वाद्यांचा मोकळा नाद गेला. वीस-पंचवीस हौशी गळ्यांसाठी जी घ्या. तालमीत वरचे स्वर ताणले जात असतील तरच खाली या.

सोलफा (डो-रे-मी पद्धत) शिकलेल्यांना, म्हणजे गोव्याकडच्या बऱ्याच क्वायर मास्टरांना, एक सूचना: इथे घर 'सोल' आहे, 'डो' नाही. 'डो' ला घर मानून गाऊन घेतलं की कडव्याचा शेवट अर्धवट वाटतो, आणि मग कुणीतरी साथीत तो 'दुरुस्त' करतो.

हिंदुस्थानी संगीत जाणणाऱ्यांना हाच मोड स्वरांच्या हिशेबाने खमाज थाटाशी जुळलेला दिसेल: जी ला सा धरा, तर एफ हा कोमल निषाद. ओळख इतकीच वापरा. मींड, खटके, कण आणू नका. क्वायरच्या वीस गळ्यांची मींड एकत्र येत नाही आणि शब्दही पुसले जातात.

४. लय लिहून काढा

गाणाऱ्यांना मोकळी लय जमते, वाद्यांना ती कागदावर दिसावी लागते. तीन पर्याय आहेत.

दांड्यांशिवाय लिहून वाद्यांना फक्त लांब स्वर देणे, बदलाच्या जागी शब्द छापणे. पहिल्या दोन कडव्यांसाठी हेच उत्तम.

प्रत्येक स्वर एक क्वेव्हर (अर्ध्या मात्रेचा स्वर) धरून, दोन-दोन आणि तीन-तीनचे गट पाडत जाणे. वाद्यांना चालतं काम असेल तिथे हे हवंच. ओळीचा शेवटचा स्वर दुप्पट, म्हणजे पहिली ओळ अकरा क्वेव्हरची.

तिसरा पर्याय सरळ तीन किंवा चार मात्रांचा ताल. तो टाळा. तालात बसवण्यासाठी काही स्वर लांबवावे लागतात आणि ते नेमके आघात नसलेल्या अक्षरांवर पडतात.

गती सुरुवातीला मिनिटाला १३८ क्वेव्हर ठेवा. या गतीने श्वासांसकट एक कडवं साधारण अर्ध्या मिनिटाचं होतं, सात कडवी साडेतीन ते चार मिनिटांची. धीम्या गतीने गायलं की पवित्र वाटतं हा समज सोडा. १०० च्या खाली हौशी क्वायरचा एका ओळीचा श्वास पुरत नाही आणि सूर उतरायला लागतो.

म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये लिहीत असाल तर टाइम सिग्नेचर लपवा आणि बारच्या गुणधर्मांत जाऊन प्रत्येक बारची खरी लांबी वेगळी द्या. एक ओळ म्हणजे एक बार. ओळीच्या आत तुटक रेषा चालेल, सलग रेषा नको: सलग बाररेषा दिसली की वादक सवयीने पुढच्या स्वरावर जोर देतो.

*तपासा:* आता फक्त धून आणि शब्द कागदावर आहेत. दोन जणांनी ती शेजारी बसून न ठरवता एकत्र गाऊन पाहावी. सारखी आली तर लय नीट लिहिली गेली आहे. नाही आली तर पुढे जाऊ नका.

५. सात कडव्यांचा आराखडा

सगळी कडवी चार आवाजांत आणि सगळ्या वाद्यांसह ही सर्रास होणारी चूक. तिसऱ्या कडव्याला कान बंद होतात. एक बांधणी अशी करता येते:

पहिलं: पुरुष एकसुरात, वाद्यं गप्प.
दुसरं: स्त्रिया एकसुरात, खाली चेलोचा जी आणि व्हायोलाचा डी.
तिसरं: दोन आवाज समांतर, चार स्वरांच्या अंतराने.
चौथं: चार आवाज, वाद्यांशिवाय.
पाचवं: धून एकट्या व्हायोलावर किंवा चेलोवर, स्त्रिया शब्द अगदी हलक्या, किंवा फक्त एक गळा.
सहावं: धून टेनरमध्ये, वर व्हायोलिनची वेगळी ओळ.
सातवं: सगळे, आणि आमेन.

तिसऱ्या कडव्यावर थोडं थांबायला हवं. समांतर गाणं नवव्या शतकातल्या ग्रंथांत वर्णिलेलं आहे, या धुनेला ते शोभतं आणि लिहायला वेळ लागत नाही. पण अंतर नीट निवडा. पहिल्या ओळीच्या खाली चौथं अंतर (धुनेचा स्वर धरून मोजलेला खालचा चौथा स्वर) धरलं तर डी, ई, डी, सी, डी, ई, डी, जी, ए, जी असं येतं, सगळी अंतरं शुद्ध. खाली पाचवं धरलं तर धुनेतल्या एफ च्या खाली बी येतो आणि ते अंतर कमी पडतं, कानाला टोचतं. तिथे खालच्या आवाजाने बी न घेता सी वरच थांबायचं. चौथ्या अंतराचा धोका उलट जागी आहे: धुनेत बी आला की खाली एफ येतो, तो खटकतो. म्हणून यंत्राने धून उचलून खाली चिकटवू नका. प्रत्येक बी आणि प्रत्येक एफ ला गोल करा आणि हाताने सोडवा.

६. चार आवाज: शेवट आधी, मधलं नंतर

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: एफ हा एफ च राहील. जी वर संपताना सवयीने डी मेजर कॉर्ड हातात येतो आणि त्यात एफ शार्प असतो. तो एक स्वर घातला की मोड संपला, जी मेजर सुरू झालं. धुनेत एफ, साथीत एफ शार्प, असं लागोपाठ आलं की गाणारेही एफ वर डगमगतात आणि मग "क्वायर बेसूर आहे" असं म्हटलं जातं. दोष क्वायरचा नसतो.

जी वर पोचायच्या चांगल्या वाटा तीन आहेत. धून ए वरून जी वर उतरत असेल तर एफ मेजर, मग जी: बास एफ वरून जी वर चढतो, बाकीचे शक्यतो उतरतात. धून एफ वरून जी वर चढत असेल तर डी मायनर, मग जी. आणि धून जी वरच रेंगाळत असेल तर खाली सी मेजर, मग जी. सातवा स्वर घातलेले कॉर्ड कुठेही नकोत.

ओळींचे शेवट ठरले की मागे या. कॉर्ड दर स्वराला बदलू नका. पहिल्या ओळीच्या दहा स्वरांना दोन कॉर्ड पुरतात. पहिल्या सात स्वरांखाली बास आणि टेनर जी वर, आल्टो डी वर, असा उघडा पाचवा (मधल्या तिसऱ्या स्वराशिवाय) धरा. धुनेतला एफ त्यावर अलगद घासून जातो आणि ते सुंदर लागतं, त्याला घाबरू नका. 'स्पिरितुस'ला बास जी वरून एफ वर उतरतो, टेनर जी वरून ए वर, आल्टो डी वरून एफ वर, सोप्रानो सी वर. बास खाली, बाकी सगळे वर. त्यामुळे बासशी नकळत समांतर पाचवे होत नाहीत.

*सावधान:* समांतर चालणं तिसऱ्या कडव्यात हवं, कारण तिथे ते हेतूने आहे. चौथ्या कडव्यात समांतर पाचवे चुकून आले तर तिसऱ्याची मजाही जाते.

आवाजांच्या मर्यादा हौशी क्वायरसाठी अशा धरा: सोप्रानो मधल्या सी पासून वरच्या ई पर्यंत, आल्टो मधल्या सी च्या खालच्या जी पासून वरच्या ए पर्यंत, टेनर खालच्या सी पासून मधल्या सी च्या वरच्या ई पर्यंत, बास त्याच्याही खालच्या जी पासून मधल्या सी पर्यंत. बासला यापेक्षा खाली नेलं तर तो आवाज वीसजणांत ऐकूच येत नाही, तिथे चेलो द्या.

७. तंतुवाद्यं

वीस गळ्यांना चार वाद्यं पुरतात: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. डबल बास असेल तर फक्त सातव्या कडव्यात, लांब स्वरांवर. तो लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो हे लक्षात ठेवून लिहा.

आधारस्वर मोकळ्या तारेवर. हलक्या आवाजात एक गज आठ-दहा सेकंद आरामात चालतो. ओळ त्यापेक्षा कमी वेळात संपते, म्हणून गज सहसा ओळीच्या श्वासाबरोबर बदला आणि तसं प्रतीत लिहा. लिहिलं नाही तर वादक मधेच, नेमका आघाताच्या अक्षरावर गज फिरवतो. चेलो आणि व्हायोला यांनी गज एकाच वेळी बदलू नयेत. एकाचा श्वासात, दुसऱ्याचा ओळीच्या मध्यावर.

व्हायब्रेटो नको. निदान आधारस्वरावर तरी अजिबात नको. थरथरणाऱ्या पाचव्यावर क्वायरला सूर लावता येत नाही. पाचव्या कडव्यात एकटं वाद्य धून वाजवतं तिथे थोडा चालेल. त्या धुनेत मुळात जोडलेले स्वर एका गजात, शब्द बदलला की गज बदलला.

व्हायोलिनने सोप्रानोची धून त्याच सप्तकात सतत वाजवायची नाही. शब्दांची व्यंजनं झाकली जातात आणि सुराचा बारीक फरक मोठा होऊन ऐकू येतो. सातव्या कडव्यात एक सप्तक वर, म्यूट लावून, अगदी हळू वाजवलं तर मात्र छत उंच झाल्याचा भास होतो. सहाव्या कडव्यातली व्हायोलिनची वरची ओळ धुनेपेक्षा हळू चालू द्या, धुनेच्या दोन-तीन स्वरांना एक स्वर. खाली शब्द चालू असताना वर नक्षी नको.

सुरांची एक अडचण इथे हमखास येते. तारा शुद्ध पाचव्यांनी मिळवल्या तर चेलो-व्हायोलाची मोकळी सी आणि व्हायोलिनची मोकळी ई यांच्यातलं तिसरं अंतर शुद्ध तिसऱ्यापेक्षा सुमारे २२ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) रुंद पडतं. सी मेजर कॉर्ड लांब धरला की क्वायर शुद्ध तिसऱ्याकडे झुकतो आणि मोकळी ई त्याच्या वर टोचत राहते. उपाय सोपा आहे: तिथे ई मोकळ्या तारेवर लिहू नका, बोटाने दाबायला सांगा. कीबोर्ड किंवा पेटी कार्यक्रमात साथीला ठेवू नका, तिचे तिसरे वेगळेच असतात. सुरुवातीचा सूर द्यायला ठेवा.

*तपासा:* प्रत्येक वाद्याच्या प्रतीत धुनेचे शब्द, निदान ओळीची सुरुवात आणि शेवट, लहान अक्षरांत छापले आहेत का? नसतील तर पाचव्या कडव्यानंतर कुणीतरी हरवणार. कडव्यांना क, ख, ग अशी तालमीची अक्षरंही द्या.

८. तालमींचा क्रम

पहिल्या तालमीत फक्त बोलणं आणि एकसुरात गाणं, सातही कडवी. चार आवाजांचे कागद वाटूच नका. दुसऱ्यात तिसरं आणि चौथं कडवं. वाद्यांची एक स्वतंत्र तालीम, पण एका गाणाऱ्यासह. गळ्याशिवाय वाजवलं तर त्यांची लय घट्ट होते आणि मग सुटत नाही. एकत्र तालमी दोन तरी हव्यात, त्यातली एक खऱ्या जागी.

चार आवाजांत सूर उतरतो का ते असं पाहा: चौथं कडवं वाद्यांशिवाय गाऊन घ्या आणि शेवटच्या जी वर चेलोला मोकळी जी हलकेच लावायला सांगा. फरक असेल तर तो बहुतेक बी मुळे असतो, उतरताना बी खाली घसरतो. त्या जागा पुन्हा एकसुरात घ्या. हा घसरलेला सूर पाचव्या कडव्याच्या सुरुवातीला सगळ्यांना ऐकू जातो, म्हणून इथे दुर्लक्ष करता येत नाही.

जागेत पोचल्यावर एक टाळी वाजवा आणि नाद विरेपर्यंतचे सेकंद मोजा. जुन्या गोव्यातल्या मोठ्या दगडी चर्चमध्ये नाद बराच टिकतो. तिथे ओळीअखेरचा श्वास लांबवा, गती १३८ वरून १२० च्या आसपास आणा, आणि कॉर्ड बदलताना आधीचा विरू द्या. वसई-मुंबईकडच्या पत्र्याच्या किंवा कमी उंचीच्या हॉलमध्ये नाद लगेच मरतो. तिथे गती थोडी वाढवा आणि पहिल्या कडव्यातसुद्धा चेलोचा जी ठेवा, नाहीतर पुरुषांचा एकसूर उघडा पडतो.

पेन्टेकॉस्ट साधारण १० मे ते १३ जून या काळात येतो, म्हणजे आपल्याकडे उकाडा किंवा पहिला पाऊस. दमटपणाने तारा आणि खुंट्या दोन्ही हलतात. वाद्यं अर्धा तास आधी त्याच जागेत उघडी ठेवा, मिस्सा (चर्चमधली उपासना) सुरू होण्यापूर्वी एकदा आणि प्रवचनाच्या आधी, आवाज न करता, जी तारा पुन्हा तपासा. पंखे चालू राहणार हे गृहीत धरून प्रत्येक स्टँडला कपड्याचे दोन चिमटे लावा. आणि वाद्यांच्या प्रतीत पान उलटायची जागा ओळीअखेर ठेवा, आधारस्वर चालू असताना नाही.